माझ्या बाजूची टोपली

हार्लन बेंड, नेब्रास्का
७ डिसेंबर

प्रिय कोरीन,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे कलंडलेलं. मांडीला तिसऱ्यांदा चीर द्यावी लागली हे वाचलं, पत्र खाली ठेवलं आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसले. शाळेची बस आता होल्टांची सून चालवते. वळणावर असा ब्रेक मारते की पोरं एकमेकांच्या अंगावर पडतात आणि तुझी आठवण काढतात. कोरीन कधी येणार, असं विचारतात. तुझा पाय पुन्हा ब्रेकवर बसणार नाही, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

ऑरिनने तुझं औषध अडवलं अशी तू राज्याच्या औषध मंडळाकडे तक्रार केलीस, जानेवारीत सुनावणी आहे, आणि मी तुझी साक्षीदार व्हावं, असं लिहितेस. पुढे लिहितेस, "मावशी, त्या औषधाच्या दुकानात तुझ्याशिवाय माझं होतं कोण?" हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की कागद घडीवर फाटायला आलाय.

काउंटरमागे आम्ही दोघंच फार्मासिस्ट, आणि ऑरिन तुला ठाऊकच आहे. सरळ रेघेत चालणारा माणूस, विनोद केला तर त्याचा अर्थही आपणच सांगायचा. चार वर्षांपूर्वी तू डॉक्टरांची पहिली चिठ्ठी घेऊन आलीस, तेव्हा त्याने ती वाचली आणि तुझ्या तोंडावर म्हणाला, "देवाने दिलेलं शरीर बदलायचं, हे माझ्या श्रद्धेत बसत नाही. मी देणार नाही. आर्लिस देईल." चिठ्ठी टोपलीत टाकली आणि टोपली माझ्या बाजूला सरकवली. तेव्हापासून तीच रीत पडली. तुझं नाव आलं की टोपली माझ्याकडे. मी त्या अंगाला चिकटवायच्या हार्मोनच्या पट्ट्या मोजून पिशवीत घालायची, आणि तू खिडकीशी येऊन ऑरिनच्या मिशांची टिंगल करायचीस. मीही हसायची. आपण दोघी चांगल्या, तो वाईट, असं अगदी सोयीस्कर चाललं होतं.

यंदा मार्चमध्ये चर्चच्या तळघरात जेवणं चालली असताना इल्साने, जिच्या शब्दावर तिथल्या सगळ्या बायका चालतात तिने, मला विचारलं, "त्या पट्ट्या तूच देतेस ना गं?" मी हो म्हटलं. त्यावर तिने मला आणखी कॉफी हवी का विचारलं. आपल्या गावात भांडण करायची पद्धतच नाही, तुझी आई म्हणायची तसं, इथे माणसाला मारतातसुद्धा आधी कॉफी विचारून. पुढच्या रविवारी मी खिमा-बटाट्याचा भाजलेला ट्रे नेला, तो जसाच्या तसा परत आला. वरची चीजची सायसुद्धा कुणी मोडली नव्हती. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्यांदाही तेच. माझा हर्मन गेल्यापासून घरात मी एकटी. चार-चार दिवस तोच ट्रे गरम करून खायचा आणि समोरच्या खुर्चीकडे बघायचं. तुला हसू येईल. मलाही आता येतं, पण बरं नाही वाटत.

त्यानंतरचा वसंत तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. तू आलीस की मी सांगायची, वरूनच पुरवठा नाही, मंगळवारच्या गाडीने येईल. दर मंगळवारी पुढचा मंगळवार. सत्तर मैलांवरच्या दुकानात चिठ्ठी पाठवू का, असं तू दोनदा विचारलंस. मीच म्हटलं, सकाळ-संध्याकाळ बस चालवून कुठे मरायला जातेस, थोडं थांब. तू उरलेली एकेक पट्टी दोन-दोन आठवडे लावलीस. ऑपरेशननंतर तुझं शरीर ते हार्मोन स्वतः बनवत नाही, हे मला पुस्तक न उघडता माहीत होतं. रात्रभर घामाने भिजतेस, झोप नाही, रडू येतं, हे तू खिडकीशी उभी राहून सांगायचीस आणि मी तुझा हात धरायची. चौदा आठवडे मी तुझा हात धरला. मग जुलैत तू कुणा परक्याकडून त्याच हार्मोनची बाटली मागवलीस, स्वतःच सुई टोचलीस, आणि मांडी सडायला लागली.

काल तुझं पत्र मी ऑरिनला दाखवलं. त्याने चष्मा पुसला, शांतपणे वाचलं आणि परत दिलं. म्हणाला, "मी दुकानातूनच सरळ नाही म्हटलं असतं तर ती त्याच दिवशी दुसरीकडे गेली असती. तू तिला थांबवून ठेवलंस." त्याला मालाच्या यादीवरून ऑगस्टमध्येच कळलं होतं. मंडळाला तो स्वतःहून सांगणार नाही म्हणाला, ते माझं मी सांगायचं. या माणसाचा मला अजूनही राग येतो, कोरीन, पण तो खोटं बोलला नाही.

म्हणून हे पत्र. ऑरिनने तुझी टोपली एकदाही अडवली नाही. दर वेळी ती माझ्या बाजूला येत होती, आणि मी ती उचलून काउंटरखाली ठेवत होते. तुला तोंडावर नाही म्हणायचं धैर्य माझ्यात नव्हतं, आणि इल्साला नाही म्हणायचंही. आता देत नाही, असं मी तिला एप्रिलात सांगून टाकलं, आणि त्या रविवारी माझा ट्रे चाटूनपुसून रिकामा झाला. इल्साने तो स्वतः धुऊन दिला. मंडळाला हे सगळं लिहून पाठवलंय, या पत्राबरोबर एकाच टपालपेटीत टाकणार आहे. तक्रारीतलं ऑरिनचं नाव खोडून तिथे माझं लिही. मला माफ करू नकोस, ते तुझं काम नाही. तुझ्या पट्ट्यांची तीन खोकी सगळा वेळ माझ्या पाठीमागच्या फळीवर होती. औषध एक दिवसही संपलं नव्हतं.

जिला तू मावशी म्हणायचीस ती,
आर्लिस