शिंपीकाकांना गुरुवारपूर्वी जिवंत करण्यासाठी माझे फोल्डर परत मिळणेबाबत

प्रति,
मा. संगणक कक्षप्रमुख,
रुग्णालय प्रशासन, दुसरा मजला.

विषय : स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवलेली कमांडची साधने वापरू देऊन संगणक क्र. ४ चे सील काढणेबाबत.
संदर्भ : सदर संगणकावर काल दुपारी सव्वातीन वाजता चिकटवलेली आपली लाल चिठ्ठी.

महोदय,

१. मी नोंदणी खिडकीवर अकरा वर्षे लिपिक आहे. ‘संपूर्ण यंत्रणेत फेरफार केला’ असा ठपका माझ्यावर आहे. वस्तुस्थिती अशी की, युनिक्स पद्धतीची, म्हणजे टाइप केलेल्या हुकमावर फायलींत शोध व दुरुस्ती करणारी, चार छोटी साधने मी फक्त माझ्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली. ॲडमिनचा पासवर्ड मागितला नाही, कोणतेही सेटिंग बदलले नाही. फोल्डर पुसले की मागमूस उरत नाही. घरचा डबा टेबलावर खाल्ला, कॅन्टीनच्या चुलीला हात लावला नाही, एवढाच माझा अपराध.

२. काळ्या खिडकीत पांढरी अक्षरे भराभर धावताना पाहून शेजारच्या टेबलावरील टायपिस्टबाई “अगं बाई, हॅकर!” असे ओरडल्या. त्यांचा हेतू चांगला होता, आवाज मात्र तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला.

३. हा खटाटोप माझ्या खिडकीवर येणारे रुग्ण शिंपीकाका यांच्यासाठी होता. त्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन गुरुवारी आहे. दुसरा डोळा आधीच गेलेला. परंतु नोंदीत ते ‘मयत’ आहेत. “पोरी, मेलेला माणूस रोज रांगेत कशाला उभा राहील?” असे ते विचारतात. यावर परिपत्रकात उत्तर सापडत नाही.

४. ही चूक ६१२ फायली एकेक उघडून शोधायची तर महिना गेला असता. साधनांनी दोन मिनिटांत शोधले. त्यांतील एक फाईल नव्याने भरताना ४१८ व्या ओळीत शेऱ्याचा रकाना चुकून कोरा सुटला आणि तिथून पुढे प्रत्येकाचा शेरा खालच्या माणसाच्या नावावर घसरला. वरच्या ओळीतल्या माणसाचा ‘मयत’ शेरा काकांना आणि काकांची गुरुवारची तारीख तीन महिन्यांच्या बाळाला मिळाली आहे. बाळाची आई घाबरून दोनदा येऊन गेली. दुरुस्तीची कमांड लिहून झाली होती, एंटर दाबणार तोच चिठ्ठी लागली.

५. नवीन साधनांच्या परवानगीचा फॉर्म मी मागितला. तो फक्त संगणक क्र. ४ वरून भरता येतो, असे आपल्या कक्षातून कळले. मी कपाळाला हात लावला.

६. नाइलाजाने कळवते की, कर्मचाऱ्यांच्या नोंदीही त्याच फायलीत आहेत. आपल्या वरच्या ओळीत प्रसूती विभागातील एक ताई आहेत. त्यामुळे नोंदीनुसार आपणांस सातवा महिना असून, उद्या सकाळी नऊ वाजता उपाशीपोटी तपासणीस बोलावले आहे. वॉर्डातून दोनदा फोन आला. मी “साहेब येतील” असे सांगितलेले नाही, पण नाकारण्यास माझ्याकडे संगणक नाही.

तरी संगणकावरील लाल चिठ्ठी आजच काढावी, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र व तूर्त रिकामटेकडी,
नोंदणी लिपिक, खिडकी क्र. ४
मंगळवार, सकाळी साडेदहा

सोबत :
(१) फोल्डरमधील साधनांची यादी.
(२) आपल्या तपासणीची चिठ्ठी.
(३) शिंपीकाका, जिवंत. आपल्या दाराबाहेरील बाकावर बसले आहेत. पोच त्यांच्याच हाती द्यावी, अक्षर मोठे काढावे.