लेंतच्या आधीचा रविवार

घमापूर, जबलपूर
सोमवार, २५ फेब्रुवारी १९२४

प्रिय कुंदा,

माझं अक्षर पाहून तुला नवल वाटेल आणि रागही येईल. तू नागपूरला भावाकडे गेल्याला वर्ष होत आलं. तुला निरोप द्यायला मी स्टेशनवर आले नाही, नंतर एक ओळही लिहिली नाही, आणि आता एकाएकी एवढे कागद. राग आला तरी फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच. हे पत्र लिहायला मला पाद्रीसाहेबांनी सांगितलं. गुरुवारी ते आमच्या दारात उभे राहून म्हणाले, "बहनजी, कुंदाबाई आपकी सुनती थीं. आप लिखिए कि इस बार आ जाएँ." येत्या रविवारी, लेंतचे उपवास लागण्याच्या आधीच्या शेवटच्या रविवारी, ज्यांना प्रभुभोजनापासून दूर ठेवलंय त्यांनी मंडळीपुढे उभं राहून आपलं पाप कबूल करायचं आणि पुन्हा आत यायचं, ही आपली रीत तुला मी काय सांगायची! मागच्या वर्षी तू उभी राहिली नाहीस. लागोपाठ दुसऱ्या वर्षीही जो उभा राहत नाही, त्याचं नाव मंडळीच्या यादीतून कायमचं कापतात. आणि नाव कापलं की कब्रस्तानात शरच्चंद्र भावजींच्या शेजारी तुझ्यासाठी राखलेली जागाही जाईल. भावजी तुला एकटी टाकून गेले त्या दिवशी तू दुसरं काहीच मागितलं नव्हतंस, तेवढी जागा मागितली होतीस, हे मी विसरलेले नाही.

इकडे नेहमीची धांदल आहे. लेंतच्या चाळीस दिवसांत लग्न लागत नाही, म्हणून या पंधरवड्यात तीन लग्नं उरकली. भय्यासाहेबांच्या पुष्पाचं परवा शनिवारी झालं. नवरी निरोपाच्या वेळी रडली नाही म्हणून बायका अजून तिच्यावर रुसून आहेत. उद्याच्या मंगळवारी नाही, त्याच्या पुढच्या मंगळवारी घराघरांत मालपुवे होतील, उपवासाआधी तूप-गूळ संपवायचा म्हणून, आणि दरवर्षीसारखे निम्मे करपतील. वेदीवर घालायचं जांभळं कापड मी यंदा एकटीने धुतलं. आपण दोघी धुवायचो तेव्हा तू पिळायचीस, मी वाळत घालायचे, आणि रंग उतरला की एकमेकींच्या नावाने बोटं मोडायचो. यंदा इस्त्री करताना काठापाशी थोडं जळलं. मी तो भाग आत दुमडून टाके घातले आणि कुणाला बोलले नाही. मला आता या कामाची चांगली सवय झाली आहे.

मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी घरोघर दिलेले शिंदीच्या पानांचे क्रूसही आता गोळा करायचे असतात. ते जाळून त्यांचीच राख लेंतच्या पहिल्या दिवशी, बुधवारी, कपाळाला लावतात. ते कामही आपल्या दोघींचं होतं. या वेळी टोपली घेऊन मीच चेरीतालपासून सुरुवात केली. सगळ्यात शेवटी बाबारावांचं घर. मंडळीच्या पंचांत त्यांचा शब्द अजून चालतो, आणि तो चालतो हे त्यांना फार ठाऊक आहे. क्रूस टोपलीत टाकता टाकता म्हणाले, "काय वहिनी, कुंदाबाई येऊन राहिल्या का यंदा? नाही आल्या तर बरंच. मूर्तीले दहीभात वाहणारीचं नाव यादीत काहून ठेवायचं?" तिथे मी काहीतरी म्हणायला हवं होतं. मी मान हलवली. कुंदा, मी होकाराची मान हलवली आणि टोपली उचलून घरी आले.

आता त्या दिवसांबद्दल लिहिते. तुला सगळं माहीत आहे, माझ्यापेक्षा जास्तच माहीत आहे, पण मी ते आजवर स्वतःच्या हाताने कुठे लिहिलं नाही, म्हणून लिहू दे. बावीस सालच्या एप्रिलमध्ये मीराला देवी आल्या. चार वर्षांची होती. लस टोचायचं आज करू उद्या करू म्हणत राहून गेलं होतं. आमच्या घरात पाऊल टाकायला कुणी तयार नव्हतं. ह्यांना तर उपदेशकाच्या कामासाठी दारोदार फिरायचं, म्हणून त्यांना शाळेच्या खोलीत राहायला पाठवलं. तू आलीस. तुला लहानपणी येऊन गेल्या होत्या, तरी येणारी तू एकटीच. बारा दिवस तू आणि मी आळीपाळीने तिच्या अंगावरच्या माश्या वारत बसलो. नवव्या दिवशी फोड डोळ्यांवर आले आणि डॉक्टर म्हणाला की जीव वाचेल, डोळ्यांचं सांगता येत नाही.

मलाही सात वर्षांची असताना देवी आल्या होत्या. तेव्हा आम्ही ख्रिस्ती झालो नव्हतो, अमरावतीकडे गावात होतो, आणि आईने देवीला चांदीचे डोळे वाहिले होते. माझे डोळे राहिले. पुढे दोन वर्षांनी बाबांबरोबर आमचा सगळ्यांचा बाप्तिस्मा झाला, मी स्तोत्रं पाठ केली, उपदेशकाशी लग्न केलं, बायकांना शुभवर्तमान शिकवलं. हे सगळं मनापासून केलं, त्यात खोटं काही नव्हतं. पण ते चांदीचे डोळे माझ्या आत कुठेतरी तसेच राहिले होते, आणि त्या नवव्या दिवशी मला त्यांच्याशिवाय दुसरं काही सुचेना. मीराचा एक वाळा काढून मी तुझ्या हातात दिला आणि सांगितलं की सोनाराकडून डोळे घडवून आण, दहीभात ने, आणि गढ्याला लिंबाखालच्या देवीला वाहून ये. तू म्हणालीस, "भानू, हे आपलं नव्हे आता. आपण प्रार्थना करू न." त्यावर मी तुला काय बोलले ते तू कुणाला सांगितलं नाहीस. मी म्हणाले, "लेकरू तुझं नाही म्हणून असं बोलून राहिली तू." तुझी दोन बाळं जन्मतःच गेली होती. दोन्ही वेळा मी तुझ्या उशाशी होते. तरी मी ते बोलले. तू वाळा कनवटीला खोचलास. पदराखाली वाटी झाकलीस आणि गेलीस.

बाबाराव त्या दिवशी नेमके गढ्याच्या बाजारात होते. त्यांनी तुला लिंबाखाली वाकलेलं पाहिलं. मीरा उठून बसल्यावर पंचांनी तुला बोलावलं, आणि साक्षीला मलाही बोलावलं. चर्चच्या मागच्या खोलीत पाच खुर्च्या आणि समोर तू उभी. बाबारावांनी विचारलं, कुणासाठी गेल्या होत्या? तू म्हणालीस, "मी गेली होती. एवढंच." मग त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "तुम्हाले माहीत होतं का वहिनी?" हे माझ्या शेजारीच बसले होते. उपदेशकाची बायको. मिशनची नोकरी, मिशनची ही खोली, मीराचं शाळेतलं नाव, सगळं एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी नाही म्हणाले. तू माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाहीस. पाहिलं असतंस तर कदाचित मी खरं बोलले असते, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. नसतेच बोलले.

तुझं बायकांना शिकवायचं काम गेलं. तुला प्रभुभोजन बंद झालं आणि जागा मिळाली दाराजवळच्या बाकावर, चपलांपाशी. मागच्या लेंतच्या आधी पाद्रीसाहेबांनी तुझं नाव घेतलं तेव्हा मी मीराला मांडीवर ओढून घेतलं. तू उभी राहून सगळं सांगशील अशी भीती वाटत होती मला. तू उठलीच नाहीस. बायका म्हणाल्या, काय हट्टी आहे, एवढा अहंकार! मी तुझा हट्ट नीट ओळखते. जे पाप तुझं नाही ते कबूल करायचं तर देवासमोर खोटं बोलावं लागणार, आणि ज्याचं आहे त्याचं नाव घ्यायचं तर मी उघडी पडणार. म्हणून तू बसून राहिलीस आणि नंतर गाव सोडलंस.

मीराचा उजवा डोळा चांगला आहे. डाव्यावर फूल पडलं, ते तुला माहीत आहे. पण तुझ्या मागे त्या डोळ्यावर काय काय रचलं गेलं ते तुला माहीत नाही. मंडळीत असं ठरून गेलं की कुंदाने देवीला दहीभात वाहिला म्हणून प्रभूने लेकराचा डोळा घेतला. आधी एक म्हणाली, मग दुसरी, मग ते सगळ्यांच्याच तोंडी झालं. मी कुणाचं तोंड धरलं नाही. रविवारच्या शाळेतल्या पोरींनी ते मीराला सांगितलं. ती आता सहा वर्षांची आहे, समजूतदार आहे, तुझ्यासारखी हळू बोलते. तुला घाबरते. तुझा फोटो माझ्या पेटीत सापडला तेव्हा तिने तो पालथा ठेवला.

शुक्रवारी दुपारी, पाद्रीसाहेब येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, मी तुला पत्र लिहायला बसले होते. "ये आणि पाप कबूल कर" असंच लिहिणार होते. खरंच सांगते, दोन ओळी लिहूनही झाल्या होत्या. मीरा बाजूला गुडघे टेकून लेंतची प्रार्थना पाठ करत होती. रविवारच्या शाळेच्या बाईंनी पोरींना सांगितलंय की ज्याने आपलं वाईट केलं त्याच्यासाठी या दिवसांत रोज प्रार्थना करायची. शेवटी ती म्हणाली, "प्रभू, कुंदामावशीले माफ कर. तिनं माझा डोळा नेला, पण मी तिच्यावर रागावली नाही." ज्या बाईने माझ्या लेकीच्या अंगावरचा पू पुसला, तिला माझी लेक माफ करत होती, आणि मी शेजारी बसून तुला माफी मागायला बोलावत होते. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी त्या दोन ओळी फाडल्या आणि मीराला जवळ घेऊन सगळं सांगितलं. तिला कळेल तेवढं. ती बराच वेळ माझ्या बांगडीशी खेळत राहिली. मग म्हणाली, "मी तर रोज मावशीचंच नाव घेऊन राहिली होती. आता कोणाचं घेऊ?" मी म्हटलं, माझं घे.

ह्यांना काल उपासनेनंतर सगळं सांगितलं, येत्या रविवारी मी उभी राहणार हेही. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टोपी काढली, खुंटीला लावली, परत काढून घातली आणि बाहेर गेले. तासाभराने आले ते पाद्रीसाहेबांना घेऊनच. उपदेशकाचं काम बहुधा जाईल, त्याबरोबर ही खोलीही. पाद्रीसाहेब तसं बोलले नाहीत, पण नाही जाणार असंही बोलले नाहीत. तुझं नाव मात्र कापणार नाहीत, ते मी त्यांच्याकडून वदवून घेतलं आहे. तू जी वाटी नेलीस तिच्यापुरतं तिथल्या नागपूरच्या पाद्रींपुढे एकांतात प्रार्थना केलीस की पुरे, तशी चिठ्ठी ते स्वतः पाठवताहेत. भावजींच्या शेजारची जागा तुझीच राहील. कबूल करणाऱ्यांची नावं दरवर्षी हेच वाचतात. यंदा दुसरं कुणी वाचेल, असं पाद्रीसाहेब त्यांना म्हणाले. हे म्हणाले, "नहीं, मैं ही पढ़ूँगा." आज सकाळी त्यांनी चहा न घेताच यादी लिहायला घेतली. यंदा तिच्यात एकच नाव आहे.

म्हणून कुंदा, पाद्रीसाहेबांनी मला तुला बोलवायला सांगितलं होतं, आणि मी हे पत्र तू येऊ नयेस म्हणून लिहिते आहे. पुढे कधीही ये, नाही आलीस तरी माझी काही तक्रार नाही, पण या रविवारी येऊ नकोस. मी तुला ओळखते. मी उठून दोन शब्द बोलते न बोलते तोच तू मागून उभी राहशील, म्हणशील की भानूला काही माहीत नव्हतं, मीच गेली होती. आणि तू तसं म्हणालीस, तर मी खाली बसेन. मला माझा अजूनही भरवसा नाही.

तुझीच म्हणवून घ्यायचा हक्क राहिला असेल तर,
तुझीच
भानू