भावजींच्या पिक्चरमधली भाकरी

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सहा माणसं, कॅमेऱ्याच्या पेट्या, आणि सकाळपासून तीनदा चहा! लिटरभर दूध जास्तीचं गेलं. खर्चात लिहिलं, मागणार कुणाला?

माझे धाकटे दीर मल्हारीभावजी, त्यांच्या आयुष्यावर पिक्चर निघतोय. न्हावऱ्यात त्यांनी मुलींचं वसतिगृह बांधलंय, आमच्या सासूबाईंच्या – अनसाबाईंच्या – नावानं. उद्घाटनाला तो दाखवायचा. भावजी आता शेठ. गाण्यांची कंपनी, मालिका, दौंडला थेटर, मोबाईलवर चॅनेल. अँब्युलन्स दिल्या, दरसाल गोरगरिबांची लग्नं लावून देतात. मेंढरांमागं फिरणारं आमचं घर, त्यातनं एवढं वर आले. बिरोबाची कृपा.

डायरेक्टर राजश्री मॅडम गोड पोरगी. पण बूट घालून चुलीपर्यंत आली.

८ नोव्हेंबर, शनिवार

मॅडमनं गोष्ट वाचून दाखवली. दुष्काळात आईनं दहा वर्षांच्या मल्हारीला भाकरी नाकारली – उपाशी पोर दौंडला पळालं – जत्रांतून टीव्ही घेऊन फिरणाऱ्या व्हिडिओवाल्याच्या वायरी गुंडाळायला लागलं – आणि आज शेठ!

वायरी खऱ्या. भाकरीचं धादांत खोटं. व्हिडिओच्या नादानं पळाले ते. जाताना फडक्यात भाकऱ्या बांधून नेल्या, मी थापलेल्या. वर चटणीसुद्धा.

मी म्हटलं, "जिचं नाव वसतिगृहाला, तिलाच पिक्चरमध्ये कैदाशीण करायची?"

मॅडम हसली. "काकू, भूक असली की लोक शेवटपर्यंत बघतात. शेठ स्वतः मुलाखतीत असंच सांगतात. तुम्ही फक्त 'हो, उपाशी झोपायचा' एवढं बोला."

आमचे मालकही तिच्याच बाजूनं. "बोल की. आय काय ऐकाया येतीया? मल्हारी बिथरला तर कुलूप लागंल त्या इमारतीला. आपल्या प्रगतीचंबी नाव हाय त्यात."

प्रगती आमची नात. अकरावीला रोज एसटीनं न्हावऱ्याला जाते, संध्याकाळी येते ती पेंगतच.

रात्रभर विचार केला. सासूबाई, माफ करा. बोलेन एक शब्द.

९ नोव्हेंबर, रविवार

शूटिंग बिरोबाच्या देवळात. मला पायरीवर बसवलं, पदर सारखा केला, तोंडावर उजेड मारला. मी 'हो, हो' मनात घोकत होते.

तेवढ्यात मॅडमला सुचलं. "काकूंच्या हातात भंडारा द्या. पिवळा रंग काय दिसेल!" पुजारीमामांनी ओंजळभर दिला, आणि माझ्याकडं बघतच राहिले. आमच्यात भंडारा हातात घेऊन कुणी खोटं बोलत नाही. बांधाची भांडणं याच पायरीवर मिटतात. हे त्या पोरीला कुठून ठाऊक?

मालकांनी कपाळावर हात मारला. "मॅडम, नारळ द्या हातात. लाडू द्या. भंडारा नगं."

"का? छान दिसतंय की. काकू, मल्हारीशेठ लहानपणी उपाशी झोपायचे?"

"न्हाई," मी म्हटलं. "एक दिवसबी न्हाई."

मॅडमचं तोंड उतरलं. तरी पोरगी समजूतदार. म्हणाली, "राहू दे, चहा-बिस्किटं घ्या."

"आज रविवार, उपास आहे."

"काल शनिवारचा होता ना?"

"उद्या सोमवारचा. मग गुरुवार."

"बाप रे! एवढे उपास कधीपासून धरलेत?"

भंडारा अजून हातातच होता. कॅमेराही चालूच.

"त्या दुष्काळापासून."

"त्याआधी?"

"एकही नव्हता."

मालकांनी टोपी काढली, उगाच झटकली, परत घातली. आमच्यात बायका शेवटी जेवायच्या, टोपलीत काय उरलंय ते गड्यांना कळायचं कसं?

भंडारा पदरात बांधून आणला. वाया कशाला घालवायचा.

१० नोव्हेंबर, सोमवार

मालक आज रानात गेलेच नाहीत. दुपारी स्वतः शेंगदाणे भाजून आणले मला. लग्नाला एवढी वर्षं झाली, पहिल्यांदाच. निम्मे करपले होते. खाल्ले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मॅडमचा फोन. शेठनी सगळं बघितलं. उठून गेले. मोबाईल बंद. उद्घाटनाची तारीख मोडली.

मालक म्हणाले, "घे. लागलं कुलूप."

प्रगतीनं भरलेली पेटी पुन्हा रिकामी केली. एसटीचा पास परत दप्तरात घातला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

वांगी महाग. तरी चंपाषष्ठीला लागणारच.

२६ नोव्हेंबर, बुधवार – चंपाषष्ठी

भावजी आले. एकटेच, कॅमेरा नाही, माणसं नाहीत. भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून त्यांचं पान वाढलं. बसेनात.

"वयनी, तवा मी रोज दोन भाकरी खायचो. दुसरी कुणाची व्हती?"

"गार होतंय, बसा," मी म्हटलं.

त्यांनी पाट माझ्याकडं सरकवला. मी जेवून उठेपर्यंत दाराशी उभे राहिले, लहानपणी भाकरीची वाट बघत राहायचे तसे. मग स्वतः बसले.

पिक्चर बंद. वसतिगृह सोमवारपासून सुरू. तिथल्या बाईंना एकच नियम घातलाय म्हणाले – कुठलीही पोरगी 'आज माझा उपास' म्हणाली, तर आधी टोपलीत भाकरी उरलीय का ते बघायचं.