हळदीचा हंगाम, पिवळे डोळे

२८ नोव्हेंबर

केनसेईचे डोळे पिवळे आहेत!

हात नव्हे. हात तर या दिवसांत गावात सगळ्यांचेच पिवळे. हळद खणायची, धुवायची, चकत्या करून वाळवायची — नखांतला रंग थंडी सरेपर्यंत जात नाही. म्हणूनच कुणाच्या लक्षात आलं नसेल. आज तो अंगणात शिकुवासाची लिंबं तोडत होता, मान वर करून. उन्हात डोळे दिसले. पांढरं म्हणून काही उरलंच नव्हतं त्यांत.

म्हटलं, इकडे बघ रे जरा. तर म्हणे, "आई, संत्री जास्त झाली असतील."

उतो वन्सं दुपारच्या चहाला आल्या होत्या. हे गेल्याला दोन वर्षं झाली, पण भावाच्या घरचा चहा त्यांनी सोडलेला नाही. त्या म्हणाल्या, "अगं वहिनी, आपल्या हळदीच्या गोळ्यांचा गुण दिसतोय! आतूनही हळद, बाहेरूनही हळद. ऐंशी ओलांडली मी, मला बघ."

सगळे हसले. मीही हसले. का हसले कोण जाणे.

३० नोव्हेंबर

झोप नाही. पहाटे नेहमीसारखा यांचा चहा केला — आपल्या रानातल्या हळदीचा, कडक, यांना लागायचा तसा. पितरांपुढे ठेवला. म्हटलं, तुमच्या लेकाचे डोळे बघा जरा. पूर्वी काही सांगितलं की नुसतं "हं" म्हणायचे. आता तेही नाही.

केनसेईने तो उतरवलेला चहा उभ्यानेच घेतला आणि गोळ्यांच्या शेडकडे पळाला. बापाजवळ दोन मिनिटं बसवत नाही त्याला.

बरगड्यांचं सूप काल तसंच ठेवलं त्याने. लहानपणी हाडं चोखून थाळीत वाजवायचा.

४ डिसेंबर

मिनाकोने अखेर त्याला नागोच्या दवाखान्यात नेलंच. नवऱ्याला दटावताना या मुलीचा आवाज चढत नाही, उलट खाली जातो. तो खाली गेला की केनसेई ऐकतो. मीही गेले.

डॉक्टर योनामिने म्हणून बाई आहेत. तरुण, पण डोळ्याला डोळा देऊन बोलतात. विचारलं, "औषधं कोणती चालू आहेत?"

"एकही नाही."

मागून मिनाको — "गोळ्या सांग ना!"

"ते काय औषध आहे? खाणं आहे ते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "किती खाता?"

सकाळी मूठभर, रात्री मूठभर! मला वाटायचं दोन-दोन घेत असेल. शेड बघायला पाहुणे आले की त्यांच्यासमोर आणखी. म्हणाला, "मालकानेच खाल्ल्या नाहीत तर लोक का घेतील?" खिशात पाकीट होतंच. त्यावर यांचा फोटो, गवती टोपीतला. डॉक्टरीणबाईंनी पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली. हळदीचा अर्क. सोबत मिरीचा अर्क, अंगात जास्त मुरावा म्हणून. खाली आमचंच वाक्य — यकृताची काळजी घेते.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ही हळद बंद. आजपासून."

रक्ताचे आकडे मला कळत नाहीत. त्यांचा चेहरा कळला.

६ डिसेंबर

घरात भांडण. केनसेई म्हणतो, पिढ्यान्‌पिढ्या गाव हळद खातंय, कोण मेलं? मी थांबलो हे कळलं तर शेडमधल्या बायकांनी जायचं कुठे? मिनाको म्हणाली, "तू गेलास तर त्या कुठे जातील?"

तिने स्वयंपाकघरातली हळद काढली. पूड, चकत्या, लोणच्याची बरणी, सगळं शेडमध्ये नेऊन कुलूप. केनसेईने गोळ्यांची पाकिटं स्वतः तिच्या हातात दिली. मान खाली.

७ डिसेंबर

पुस्तकांची गाडी आली होती गावच्या सभागृहापाशी. म्हटलं, यकृतावरचं काही आहे का, आणि हळदीवरचं. गाडीतल्या मुलीला वाटलं स्वयंपाकाचं हवंय! शेवटी एक पातळ पुस्तक मिळालं, तब्येतीसाठी म्हणून विकतात त्या खाण्यांवरचं.

शाळा माझी सहावीला सुटली. अवघड शब्द मी यांच्या शिळ्या वर्तमानपत्रांतून शिकले, अडलं की यांना विचारून. आता अडलं की अडलं. तरी दोनदा वाचलं.

पुस्तक हळदीला वाईट म्हणत नाही. सूज उतरवते का, हे माणसांवर तपासून बघतात म्हणे. थोडं काही हाती लागलंय, पण तिने रोग टळतो असं छातीवर हात ठेवून म्हणण्याइतकं नाही. जेवणातली हळद वेगळी, अर्क वेगळा. चहात बोटभर मूळ पडतं, गोळीत अख्खा वाफा पिळून भरतात. बहुतेकांना काही होत नाही. एखाद्याचं यकृत मात्र तिच्याशी वैर धरतं, आणि ते कुणाचं हे आधी ओळखता येत नाही.

यांना हे वाचून दाखवायला हवं होतं. गोळ्यांचं यंत्र आणलं तेव्हा हे केनसेईला म्हणाले होते, "चिमटीतली गोष्ट मुठीत कशाला?" पण अडवलं नाही. पाकिटासाठी फोटो काढायला टोपी घालून उभेही राहिले.

१२ डिसेंबर

केनसेईला दवाखान्यात ठेवून घेतलं. घरी यांचा चहा मीच उतरवून प्यायले. कडू लागला.

२१ डिसेंबर

उतरतंय! आकडे खाली आलेत. डोळ्यांचे कोपरे पांढरे दिसायला लागले. उद्या घरी सोडणार. जुशी भात करायचा, भाज्या घालून, हळद नाही. मिनाको दवाखान्याच्या जिन्यात बसून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आम्हा दोघींना याची सवय नाही.

३० डिसेंबर

पुन्हा वर! पहिल्यापेक्षा वर.

डॉक्टरीणबाईंनी त्याला सरळ विचारलं, "दारू?" तो म्हणाला, थेंब नाही. त्यांनी मिनाकोकडे बघितलं. मिनाकोने जमिनीकडे.

१ जानेवारी

नवीन वर्ष. कुणी कुणाला शुभेच्छा दिल्या नाहीत.

मिनाकोने शेड धुंडाळली, गाडी धुंडाळली, कोटाचे खिसे उलटे केले. आवामोरी दारूची एक बाटली सापडली — यांच्या वेळची, सील न फोडलेली. ती तिने माझ्यासमोर ठेवली आणि परत नेली.

केनसेई खाजवून खाजवून हात सोलून घेतोय.

५ जानेवारी

आज मिनाको माझ्यापुढे येऊन बसली. आवाज खाली. "आई, रागावू नका. तुम्ही जेवणात काही घालता का?"

मी! म्हटलं, तुझ्या नवऱ्याला मी जन्म दिलाय.

"म्हणूनच विचारते. दवाखान्यात उतरलं, घरी आला की चढलं. म्हणजे जे काही आहे ते याच घरात आहे. मी तर घालत नाही."

उठून कारली चिरायला घेतली आणि बोट कापून घेतलं. रात्री वाटलं, खरं आहे तिचं. तिने घातलं नाही, मी घातलं नाही. मग कोण? तिच्याबद्दल मनात आलं ते इथे लिहीत नाही.

९ जानेवारी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढच्या तपासणीला आकडा चढाच असला तर नाहाच्या मोठ्या इस्पितळात. यकृत बदलण्याचीही गोष्ट काढली, "आत्ताच घाबरू नका" म्हणत. मी विचारलं, म्हाताऱ्या बाईचं चालतं का? म्हणाल्या, नाही, आजी.

केनसेई माझ्यावर ओरडला. दवाखान्यात, सगळ्यांसमोर. "असलं काही बोलायचं नाही, आई!" मग परत येताना गाडीत माझा हात धरून बसला.

११ जानेवारी

सगळं जसं झालं तसं लिहिते.

आज प्रतिपदा. उतो वन्सं सकाळीच आल्या, पितरांपुढे बसायला. उदबत्त्या लावल्या, मी यांचा चहा ठेवला. केनसेई अजून उठला नव्हता, अंगात त्राण कुठे आहे त्याच्या. मी म्हटलं, वन्सं, आज तुम्हीच घ्या हा उतरवून.

त्या म्हणाल्या, "मी कशाला? माझ्या भावाचा, सेइतोकुचा चहा त्याच्या लेकाचा. ठेव त्याच्यासाठी. रोज तोच पितो ना? गार झाला तरी तोच पिईल, शहाणा आहे."

रोज तोच पितो.

मी कप हातात घेतला. पिवळाधमक! हळदीची बरणी तिथेच, पितरांच्या फळीवर, उदबत्त्यांशेजारी. स्वयंपाकघरात ती कधी नव्हतीच. मिनाकोने घर झाडून काढलं पण पितरांच्या फळीला हात लावला नाही — कोण लावेल? तो यांचा चहा होता. केनसेईचा कुठे होता? यांचं पिऊन झालेलं उतरवायचं, घरातल्याने घ्यायचं, टाकायचं नाही. त्याला कुणी खाणं-पिणं म्हणत नाही. मीही म्हटलं नव्हतं.

आणि मी दवाखान्यात यकृत द्यायला निघाले होते!

वन्सं म्हणाल्या, "वहिनी, काय झालं गं? पांढरी पडलीस."

मी अनवाणी अंगणात गेले आणि चहा केळीच्या बुंध्यात ओतला. वन्सं मागून ओरडत होत्या, "अगं पितरांचं आहे ते! वेड लागलं का?" मग मिनाकोला उठवलं. सांगितलं. मला वाटलं आता बोलेल, आणि बोललीच पाहिजे. तिने माझे मातीचे पाय टॉवेलने पुसले.

केनसेईला तिनेच सांगितलं. मी दाराबाहेर उभी होते. तो एवढंच म्हणाला, "आईला काही बोलू नकोस."

१२ जानेवारी

यांच्यापुढे साधं पाणी ठेवलं. म्हटलं, रागावलात तर माझ्यावर रागवा.

१९ जानेवारी

खाली! थोडंच, पण खाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यकृताने एकदा वैर धरलं की कपभरही पुरतं. मला वाटलं बोल लावतील. त्यांनी विचारलं, ते पितरांचं उतरवलेलं घ्यायचं, तुमच्याकडे अजून रोज करतात? त्यांच्या आजीकडे करायचे म्हणे.

२६ जानेवारी

आणखी खाली. बरगड्यांचं सूप मागितलं! नाहाला जायचं नाही.

शेडवर नवीन गोळ्या बंद. पूड विकायची, जेवणापुरती. पाकिटावरचं यकृताचं वाक्य मिनाको खोडायला बसली होती. केनसेई म्हणाला, सगळी पाकिटंच नवीन छापू. शेडमधल्या बायका राहतील की नाही, अजून ठरलेलं नाही. उतो वन्सं माझ्याशी अजून बोलत नाहीत, पण चहाला येतात.

२८ जानेवारी

आज केनसेई ओसरीवर माझ्याशेजारी येऊन बसला. म्हणाला, "आई, मला माहीत होतं. दवाखान्यातून सोडतानाच बाईंनी सांगितलं होतं, चहासुद्धा नाही."

मी विचारलं, मग पीत का राहिलास रे?

तो अंगणात बघत म्हणाला, "बाबांशी बोलून झालं की तू वळून कप माझ्या हातात द्यायचीस. दिवसभरात तेवढंच हसायचीस तू."