एकही मिनिट न कापता

अहो,

बाबांच्या निवृत्तीच्या समारंभाचा व्हिडिओ घेऊन मी आईंकडे निघाले आहे. त्यांच्याकडे डिस्कचाच प्लेअर आहे आणि महिनाभर त्या वाट बघतायत.

फाइल मोठी आहे, डिस्क बनवायचा प्रोग्राम बंद पडतो, मधला भाग काढल्याशिवाय जमणार नाही, असं तुम्ही म्हणालात. म्हणून काल मीच त्या प्रोग्रामच्या खनपटीला बसले. सात वेळा बंद पडला. आठव्यांदा डोक्यात प्रकाश पडला, की तुकडे ठेवायला कॉम्प्युटरमध्ये जागाच नाही. जागा अडवली होती तुमच्या जुन्या क्रिकेट मॅचेसनी! त्या काळ्या हार्ड डिस्कवर हलवल्यात, पुसल्या नाहीत. जीव टांगणीला लावून घेऊ नका. मग भाषणात बाबा पाणी प्यायला थांबतात, तिथे फाइल तोडली. दोन डिस्क झाल्या.

मधला भाग, म्हणजे तुमच्या धाकट्या भावाचा, जसाच्या तसा आहे. बोलणं तुम्हा दोघांचं बंद आहे, आईंनी कोणाशी कट्टी घेतलेली नाही. रागवायचं तर खुशाल रागवा, मी काही कापणार नाही. आणि हो, मला स्टँडवर घ्यायला भाऊजीच येतायत.

जेवण झाकून ठेवलंय. दुसऱ्या डिस्कची एक प्रत आपल्या प्लेअरमध्ये घातली आहे. बाबा फोटोसाठी तुम्हा दोघांना हाक मारतात आणि दोघंही एकदमच "आलो, बाबा" म्हणता. तेवढं तरी बघाच.

तुमचीच