माझ्या खडीचे उत्तीर्ण प्रमाणपत्र रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
बांधकाम साहित्य चाचणी विभाग.

विषय : माझ्याच बाजूचे प्रमाणपत्र रद्द करून धुण्याच्या ओट्याची चाचणी होणेबाबत.
संदर्भ : माझ्या खडीस आपण दिलेले ‘उत्तीर्ण’ प्रमाणपत्र.

महोदय,

१. मी पाडलेल्या इमारतींचा राडारोडा क्रशरमध्ये फोडून, धुऊन त्याची खडी करतो. तिचे काँक्रीट भरवशाचे होते का, हे पाहण्यासाठी आपण आपल्या आवारातील वाहनतळाचे काम माझे थोरले बंधू, व्यवसायाने ठेकेदार, यांना दिले. खडी माझी, काम दादाचे. घरचाच माणूस म्हणून मी निर्धास्त होतो.

२. त्या काँक्रीटचे ठोकळे आपल्या मशीनखाली दाबले तेव्हा मी हजर होतो. निकाल नव्या खडीच्या तोडीस तोड आला. फुटलेला अर्धा ठोकळा मी मागून घेतला व घरी टीव्हीशेजारी मांडला. तो हातात घेतल्याशिवाय पाहुण्यांना चहा मिळत नसे.

३. गेल्या आठवड्यात धूळ बसली म्हणून तो नळाखाली धरला. माझ्या खडीला जुने सिमेंट थोडे तरी चिकटलेले असतेच, मध्येच विटेचा लाल तुकडाही दिसतो. ठोकळ्यात तसे काहीही नव्हते. सगळा खाणीतला नवा काळा दगड. नळ तसाच वाहता ठेवून मी दादाचे घर गाठले, हे नमूद करतो.

४. विचारले असता दादाने नाकारले नाही. “अरे, तुझ्याच भल्यासाठी केलं. तू नापास झाला असतास तर तोंड कुठे दाखवलं असतंस?” असे तो म्हणाला. वाहनतळातही नवीच खडी आहे. माझी त्याच्या गोदामामागे ताडपत्रीखाली पडून आहे. परक्याने फसवले असते तर मी भांडलो असतो. ज्याने मला सायकल शिकवली, त्याचा माझ्या कामावर काडीचा विश्वास नव्हता, हे मला गिळता येत नाही.

५. आता याच प्रमाणपत्राच्या जोरावर शाळेच्या कुंपणभिंतीत माझी खडी घालण्याचा आदेश निघत आहे. ती भिंत टिकेल असे मला वाटते. पण मला वाटणे ही चाचणी नव्हे, आणि त्या भिंतीला टेकून मुले डबे खाणार आहेत.

६. माझी खडी खरोखर एकाच ठिकाणी वापरली गेली. माझ्यादेखत कालवलेला काँक्रीटचा पहिला घाणा दादाने माझी पाठ वळताच नेऊन आईच्या धुण्याच्या ओट्यात ओतला. तिथे तडकला तरी कोणाचे बिघडणार नव्हते, असा त्याचा हिशेब. तेव्हापासून त्यावर रोज साबणाचे पाणी, धोपटणे आणि बादल्यांची आदळआपट चालू आहे. वरून भेग दिसत नाही. आतले मशीनलाच विचारावे लागेल.

तरी भिंतीचा आदेश थांबवून, ओट्यातून ड्रिलने नमुना काढून तो दाबून पाहावा. ठरल्यापेक्षा कमी भाराला फुटला तर क्रशर बंद करीन. पण ते नापास होणे तरी माझे असेल.

आपला, अद्याप पास ना नापास,
राडारोडा क्रशरचालक
(सही व आजची तारीख)

सोबत :
१) मूळ प्रमाणपत्र.
२) अर्धा ठोकळा, पोत्यात. शिपायास दोन्ही हातांनी धरण्यास सांगावे.
३) ओटा फोडण्यास आईचे संमतीपत्र. दादाची संमती घेतलेली नाही; त्यानेही माझी घेतली नव्हती.