डोळे मिटून स्वयंपाकघर

३ जानेवारी, उदगीर
नव्या घराच्या स्वयंपाकघराचा नकाशा फायनल. स्वतः काढला. इंजिनिअर लोकांना अक्कल कमी. बायकोला दाखवला. सिंधुनं डोळे मिटले अन् म्हणाली, मला दिसून राहिलंय, फ्रिज उघडला की मागचं दार उघडणार न्हाई. दिसून राहिलंय म्हणे! बंद डोळ्यांनी! मूर्खांशी वाद घालायचा नाही, हा यंदाचा संकल्प. फक्त हसलो.

६ एप्रिल
गृहप्रवेश. फ्रिज उघडला की मागचं दार अडकतं. मापं बिनचूक होती. दोन्ही एकाच वेळी उघडायची असतात, हे मला कोण सांगणार? सिंधु म्हणाली, मी.

७ एप्रिल
भाची लुंबिनी मुक्कामाला. लातूरला मेडिकलला आहे. दोन पुस्तकं वाचली की मामालाच तपासायचं. म्हणाली, मामा, डोळे मिटा, सफरचंद डोळ्यासमोर आणा. काय दिसतं? अंधार, म्हणालो. सगळ्यांनाच अंधार दिसतो. ती म्हणाली, न्हाई, बहुतेकांना अंधुक का होईना, सफरचंद दिसतं. काहींच्या मनात चित्र उमटतच नाही. अफँटेशिया म्हणतात. आजार नाही, फरक आहे. हे असलं शिकवतात!
‘डोळ्यासमोर आणणे’ हा वाक्प्रचार आहे. काळजाचं पाणी होतं म्हणून कोणी बादली आणतं का?

९ एप्रिल
ऑफिसात सर्व्हे केला. किशनरावांना लाल सफरचंद दिसलं. शिल्पा मॅडमना हिरवं, फोडी केलेलं. बजरंगला तर सफरचंदांचा अख्खा गाडाच. सगळा स्टाफ खोटारडा.

११ एप्रिल
सिंधुला स्पष्ट सांगितलं, तुझी नजर लागली म्हणून दार अडकलं. ती बॅग भरून माहेरी मुदखेडला गेली. उत्तम. आता शांतता. वाचन वाढवणार.

२० एप्रिल
वाचन झालं नाही. डोळे दुखतात.
संध्याकाळी सिंधुचा चेहरा आठवून बघितला. प्रयोग म्हणून. सावळी, नाक सरळ, उंची मध्यम. पोलिसात हरवल्याची तक्रार द्यावी तसं नुसतं वर्णन. चेहरा काही येईना. बराच वेळ डोळे मिटून बसलो.
शेवटी व्हिडिओ कॉल लावला. काय काम हाय, तिनं विचारलं. काही नाही, म्हणालो. बघत बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, चष्मा छान दिसतो, कधी घेतला?
दोन वर्षं झाली, म्हणाली. अन् फोन ठेवला.